वजनकाट्याला न दिसणारी चरबी

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के भरले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून असेही दिसले की, आपली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली आणि त्यांचे स्नायू कमी असले, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते.

म्हणूनच ‘माझे वजन तर बेताचेच आहे’ हे समाधान मला फसवे वाटते. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो. शिवाय पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानले जाते. ही कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे, कारण पँट बहुतेकदा सुटलेल्या पोटाच्या खालीच नेसलेली असते! शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप लावावी.

पोटातील चरबी यकृतात साठू लागली की रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांची वाट मोकळी होते. घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हेही पुष्कळदा याच्याशीच निगडित असते, पण घरात तो थट्टेचा विषय ठरतो.

वजन पाच ते दहा टक्के उतरले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो कमी झाले, तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत फरक पडू शकतो. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि बटाट्याची भाजी खाऊन केलेल्या उपवासाने हे साधणार नाही. ताटातला भात-पोळीचा वाटा घटवून डाळी, उसळी, ताक, अंडी यांचा वाढवावा आणि चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे माझे मत आहे. नुसते उपाशी राहिल्यास चरबीबरोबर आधीच कमी असलेले स्नायूही झिजतात. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळतात व ती परिणामकारक आहेत, परंतु बंद केल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते, त्यामुळे ती किती काळ घ्यायची हे सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.