पॅटर्न जनरेटर, नोंद चौथी: दमट हवेतला फोकस

टीव्ही दुरुस्त करताना पडद्यावर ठरलेली चित्रं, म्हणजे पॅटर्न, देणाऱ्या डब्याचं काम आता बहुतेक पुरं झालं आहे. आत दोन स्वतंत्र भाग आहेत. पहिला १६ मेगाहर्ट्झवर चालणारा ॲटमेगा ३२८, म्हणजे प्रोग्राम करता येणारी छोटी चिप. तो फक्त काळापांढरा पॅटर्न देतो: जाळी, ठिपके, बुद्धिबळाचा पट, पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा. दुसरा रास्पबेरी पाय झिरो, एका छोट्या बोर्डावरचा संगणक. त्याच्या टीव्ही लिहिलेल्या दोन पॅडवरून रंगीत पट्टे आणि लाल पडदा मिळतो. दोन्ही एकाच पॉवर बँकेवर चालतात. मेन्सचा चार्जर मुद्दाम टाळला आहे, त्याचं कारण पुढे येईल.

ॲटमेगाची निवड गणितानेच केली. पालची (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची) एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, आणि १६ मेगाहर्ट्झवर त्यात बरोबर १०२४ क्लॉक बसतात, बाकी काही उरत नाही. मात्र हा भाग प्रत्येक फील्डला (पडद्याच्या वरून खालपर्यंतच्या एका फेरीला) ३१२ ओळी काढतो, इंटरलेस करत नाही, म्हणजे एका फेरीच्या ओळी दुसरीच्या ओळींच्या मध्ये बसवत नाही. त्यामुळे फील्डचा वेग ५०.०८ हर्ट्झ पडतो आणि इंटरलेसचे दोष यावर दिसत नाहीत. त्यासाठी रास्पबेरी पायच लावावा लागतो.

सिग्नलची पातळी हा आतापर्यंत सर्वात जास्त फसवणारा भाग. ॲटमेगाच्या सिंकच्या (ओळी जुळवणाऱ्या खुणेच्या) पिनला १ किलोओहम, व्हिडिओच्या पिनला ४७० ओहम, दोन्हींची दुसरी टोकं एकत्र करून पिवळ्या आरसीएच्या (टीव्हीच्या व्हिडिओ प्लगच्या) मधल्या पिनला. टीव्हीच्या ७५ ओहमवर हिशेब केला तर सिंकची पायरी ०.३० व्होल्ट आणि पांढरा ०.९५ व्होल्ट येतो. स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) नसेल तर छोटा प्रोग्राम लिहून पिना कायमच्या चालू ठेवायच्या, आउटपुटवर १५० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावायचे आणि साधं मल्टिमीटर धरायचं. एकटी सिंक पिन चालू असताना (दुसरी शून्यावर, मोकळी नव्हे) ०.३, दोन्ही चालू असताना ०.९ ते ०.९५ दिसलं पाहिजे. लोड न लावता मोजलं तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि माणूस उगाच रेझिस्टर वाढवत बसतो. याउलट, एकाचे दोन फाटे करणारी वाय आकाराची पिन लावून एकाच वेळी दोन टीव्ही जोडले तर पांढरा ०.५२ वर येतो आणि दोन्ही पडदे मंद दिसतात. तो टीव्हीचा दोष नाही.

रास्पबेरी पायच्या सेटिंग फाइलमध्ये टीव्हीची पद्धत स्वतः लिहावी लागते, पालसाठी २. ती ओळ नसेल तर तो एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धत, देतो. आपल्याकडचे बरेच सेट ते चित्र उभं करतात, पण रंग पालच्या ४.४३ ऐवजी ३.५८ मेगाहर्ट्झवर असल्याने काळंपांढरं दाखवतात, आणि संशय टीव्हीतल्या रंगाच्या चिपवर, कलर आयसीवर, जातो. आणखी एक: काही पॉवर बँका करंट कमी दिसला की आपोआप बंद पडतात. ५ व्होल्टच्या लाइनवर ४७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर आडवा टाकला की सुमारे १०० मिलिअँपिअर जास्त जातात आणि ती चालू राहते. रेझिस्टर तापतो, त्याला वायरींपासून दूर ठेवा.

आता या नोंदीचा खरा विषय. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या गावांत २१ इंची पिक्चर ट्यूबचे सेट अजून आहेत: जुने व्हिडिओ गेम, लग्नाच्या आणि दशावताराच्या कॅसेट बघायला ते लागतात. पावसाळ्यात त्यांची एक तक्रार ठरलेली असते: सकाळी लावला की चित्र धूसर, अर्ध्या तासाने आपोआप स्वच्छ. चालत्या चित्रावर हे मोजता येत नाही, जाळीवर येतं. पॅटर्न हलत नाही, बदलत नाही. त्यामुळे पडद्यावर जे बदललं ते टीव्हीतच बदललं.

म्हणून जाळी दोनदा बघायची: सेट चालू होताच एकदा आणि ३० मिनिटांनी परत. दोन्ही वेळा त्याच अंतरावरून मोबाइलने फोटो काढा. आधी आडव्या रेघा बघा, मग उभ्या. दोन्ही सारख्याच जाड, पडदाभर फुगलेल्या असतील तर फोकस गेला आहे. आडव्या धारदार आणि फक्त उभ्या रेघा पसरट असतील तर फोकसला हात लावू नका. उभी रेघ काढायला वरच्या फ्रिक्वेन्सी लागतात, त्या केबलमध्ये किंवा व्हिडिओच्या सर्किटमध्ये अडताहेत.

सकाळी जाड आणि नंतर बारीक, असं दिसलं तर बेस कार्डावरचा (ट्यूबच्या मानेच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या बोर्डावरचा) ट्यूबचा सॉकेट बघा. त्यात फोकसच्या पिनेसाठी वेगळा बंद कप्पा असतो, त्यात स्पार्क गॅप, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज ठिणगी होऊन निघून जायची फट. खाऱ्या दमट हवेने तिथे हिरवट पांढरी पूड धरते आणि फोकसचे काही हजार व्होल्ट तिच्यातून झिरपतात. फोकसचा पुरवठा एलओटीतल्या (उच्च व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधल्या) कित्येक मेगओहमच्या पॉटमधून, म्हणजे फिरवायच्या रेझिस्टरमधून, येतो, म्हणून एवढीशी गळतीही व्होल्टेज खाली ओढायला पुरते. सेट तापला की ओल सुकते आणि रेघ बारीक होते. अशा वेळी फोकस पॉट फिरवून भागवलं की दुपारी चित्र उलट्या बाजूला बिघडतं. कप्पा उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला तर काही दिवस चालतं, पण पूड परत धरते. सॉकेट बदलणं हाच उपाय. नवा घेताना पिनांची संख्या आणि मानेची जाडी जुन्याशी ताडून घ्या.

ॲनोड कॅपभोवती (ट्यूबला उच्च व्होल्टेजची वायर लागते त्या रबरी टोपीभोवती) चुरचुर आवाज हा त्याचाच भाऊबंद. हात लावण्याआधी सेट बंद, प्लग बाहेर, ट्यूब डिस्चार्ज केलेली, म्हणजे तिच्यात साठलेली वीज काढून टाकलेली. डिस्चार्ज ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपाला टेकलेल्या तारेच्या वेणीवरच करायचा, चासीवर (मुख्य सर्किटच्या बोर्डावर) नाही. २१ इंचाला २५ किलोव्होल्टच्या आसपास असतात आणि चासीवर सोडले तर आयसी जातात. मग कॅपखालची काच पुसून पूर्ण कोरडी करायची.

लाल पडद्यावर डाग दिसले तर आधी डीगॉस करा, म्हणजे ट्यूबला चिकटलेलं चुंबकत्व काढा. तरी राहिले तर प्युरिटी (रंगाची शुद्धता), मग मधलं कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर बसणं), शेवटी कोपरे, हा क्रम मोडू नका. मानेवर रिंगांच्या तीन जोड्या असतात: दोन ध्रुवांची प्युरिटीला, चार ध्रुवांची लाल-निळा एकमेकांवर आणायला, सहा ध्रुवांची त्या दोघांना मिळून हिरव्यावर सरकवायला. रिंगांना हात लावण्याआधी मार्करने खूण करा. कोपरे बिघडलेले असतील तर बहुतेक वेळा योकखालची (मानेवरच्या तांब्याच्या गुंडाळीखालची) रबरी पाचर सुटलेली सापडते.

चार्जर का नको, तर हमच्या, म्हणजे मेन्समधून चित्रात शिरणाऱ्या, पट्ट्यांसाठी. पांढऱ्या पडद्यावर एक करडा पट्टा सावकाश सरकताना दिसला तर तो ५० हर्ट्झचा. दोन असतील तर १०० हर्ट्झचा, म्हणजे ब्रिजपुढचा (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतरचा) मोठा फिल्टर कपॅसिटर संशयित. जनरेटरच मेन्सवर असेल तर पट्टा कोणाचा हेच कळत नाही.

एव्ही सॉकेट (थेट व्हिडिओ घेणारं छिद्र) नसलेल्या सेटसाठी मॉड्युलेटर लागतो, तो सिग्नल अँटेनाच्या चॅनेलवर चढवतो. चॅनेल ३ म्हणजे ५५.२५ मेगाहर्ट्झ, ४ म्हणजे ६२.२५. जुन्या बाजारातला घेताना चित्रापासून आवाजाचं अंतर बघा: आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्झ. ४.५ किंवा ६ चा असेल तर चित्र उत्तम येतं आणि आवाजाच्या जागी फुसफुस.

एलसीडीवर या डब्याचा उपयोग मर्यादित: जाळीच्या बाहेरच्या चौकटी किती कापल्या जातात ते कळतं, आणि पूर्ण पांढऱ्यावर उभी रेघ दिसली तर टी-कॉनच्या (पॅनेलला सिग्नल देणाऱ्या बोर्डाच्या) चपट्या केबलची टोकं काळी पडली आहेत का ते आधी बघावं.

डबा ठेवायची सोय: घट्ट झाकणाचा चिवड्याचा प्लास्टिक डबा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. आरसीएच्या पिना दर महिन्याला पुसायच्या, केबलचा रोध १ ओहमच्या आत आहे का बघायचं. पुढच्या वेळी करड्या पायऱ्यांचा पॅटर्न घ्यायचा आहे, त्यासाठी व्हिडिओच्या बाजूला आणखी एक पिन आणि रेझिस्टर लागेल.