रॅब२७ए कोणाच्या हाती लागतो

माझ्या कामाचा कच्चा माल म्हणजे नाळ. आईची संमती घेतलेली असते, आणि प्रसूतिगृहातून नाळ निर्जंतुक बाटलीत आमच्याकडे येते. शिरेतलं रक्त धुऊन काढायचं, आत कोलॅजिनेज हे ऊतींचं जाळं सैल करणारं विकर भरायचं, ३७ अंशांवर ठेवायचं, की शिरेचं अस्तर सुटून हाती येतं. त्या पेशी डिशमध्ये वाढल्या की फॉन विलेब्रांड फॅक्टर या रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनासाठी हिरवा रंग द्यायचा. मग प्रत्येक पेशीत बारीक हिरव्या कांड्या दिसतात, एक ते पाच मायक्रॉन लांबीच्या.

वायबेल आणि पालाडे यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या कांड्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यात काय भरलंय हे कोणालाच माहीत नव्हतं. ते कळायला १९८२ उजाडलं. आत फॉन विलेब्रांड फॅक्टर नळ्यांसारखा घट्ट गुंडाळलेला असतो. बाहेर पडला की त्याचे लांबलचक धागे होतात आणि त्यांना प्लेटलेट्स चिकटतात. म्हणजे जखम झाल्यावर हवाहवासा, आणि एरवी रक्तात फार सांडला तर गुठळ्या करणारा. त्यामुळे तो कधी सोडायचा आणि कधी नाही, यावर पहारा कडक आहे.

डिशमध्ये थ्रॉम्बिन टाका, म्हणजे रक्त गोठवणारं विकर. पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांत कांड्या रिकाम्या होऊ लागतात. ॲड्रेनालिन टाका. इथे निरोप सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूच्या वाटेने जातो आणि सगळं निवांत चालतं. कडेच्या कांड्या बाहेर पडतात, पण बाकीच्यांतल्या बऱ्याच उलट फिरतात! डायनीन नावाचं मोटर-प्रथिन त्यांना ओढून केंद्रकाजवळ गोळा करतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, प्रयोग फसला. फसलेला नसतो. ताणामुळे ॲड्रेनालिन वाढलं म्हणून पेशीने सगळा साठा उधळायचं कारण नाही.

पाठ्यपुस्तकातल्या बाणांवर माझा राग आहे तो इथे. रिसेप्टरकडून, म्हणजे बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाकडून, बाण, बाणाच्या टोकाला प्रथिन, शेवटी ‘स्राव’. रॅब२७ए हे छोटं प्रथिन या बाणांत बसतच नाही. ते कांडीच्या पृष्ठभागावर असतं आणि त्याला दोन जोडीदार मिळू शकतात. मायरिप हे प्रथिन मिळालं तर ते कांडीला पेशीतल्या ॲक्टिन तंतूंच्या जाळ्याशी बांधून ठेवतं. एसएलपी४-ए हे दुसरं प्रथिन मिळालं तर कांडी पेशीपटलाकडे जाऊन रिकामी होण्याची शक्यता वाढते. म्हणजे रॅब२७ए स्राव घडवतो की अडवतो, या प्रश्नाला तसा अर्थ नाही. दोन जोडीदारांचं प्रमाण काय, ते विचारायचं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?" दोन्ही लिहा.

अडवणारे आणखीही आहेत. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनी सैल करतं एवढंच आपण शिकतो. पण पटलांच्या मिलनासाठी लागणाऱ्या एनएसएफ या प्रथिनात ते रासायनिक बदल करतं आणि कांड्या जागच्या जागी राहतात. स्राव सुरू करणाऱ्यांवर ढीगभर वाचायला मिळतं. मला हे रोखणारेच जास्त महत्त्वाचे वाटतात.

माझा मावसभाऊ दंतवैद्य आहे. एकदा त्याचा फोन आला, "ताई, फॉन विलेब्रांड आजाराच्या, म्हणजे हा फॅक्टर कमी किंवा सदोष असलेल्या पेशंटला दात काढण्याआधी डेस्मोप्रेसिन देतात ना, मग लागोपाठ दिलं की असर कमी का होतो?" कारण ते इंजेक्शन फॅक्टर तयार करत नाही, साठवलेला सोडायला लावतं, साठा उपसला की पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. ज्यांच्या शरीरात तो फॅक्टर जवळजवळ बनतच नाही, त्या टाइप ३ च्या रुग्णांना याचा उपयोग होत नाही तो याचमुळे. इटलीत मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हे औषध रुग्णांवर वापरून दाखवलं, त्यातही दात काढण्याच्या केसेस होत्या.

तो म्हणाला, मग तुझ्या डिशमध्ये टाकून बघ की. टाकलं तर काहीच होणार नाही. डेस्मोप्रेसिन व्ही२ रिसेप्टरवर बसतं आणि नाळेच्या पेशींत तो रिसेप्टर नसतो. फुफ्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींत असतो, पण त्या विकत घ्याव्या लागतात आणि महाग पडतात. म्हणून आमच्याकडे फोर्स्कोलिन हे रसायन टाकून सायक्लिक एएमपी थेट वाढवतात. रिसेप्टरच्या पुढचा रस्ता त्याने तपासता येतो, रिसेप्टरचा नाही. पुढच्या अनुदानाच्या अर्जात फुफ्फुसाच्या पेशी मी सगळ्यात वर लिहिल्या आहेत.