माझ्या दंडातलं हडपसर

काल, ७ ऑक्टोबर २०२१ ला, ब्रिटन सरकारने जाहीर केलं की कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीय प्रवाशांना सोमवारपासून दहा दिवस घरात कोंडून राहावं लागणार नाही. बातमी वाचून आनंद व्हायला हवा होता. झालाही, आई आता येऊ शकेल म्हणून. पण त्याआधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

रागाचं कारण माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. लस घेतली की इथे इंग्लंडमध्ये हातात एक छोटं कार्ड द्यायचे. माझ्या कार्डावर मार्चमधल्या पहिल्या डोससमोर बॅच नंबर आहे ४१२०झेड००३. तो आकडा मी जुलैपर्यंत नीट पाहिलाही नव्हता. तेव्हा माल्टाला निघालेल्या काही ब्रिटिश प्रवाशांना विमानात बसू दिलं नाही, कारण त्यांना मिळालेले डोस भारतात बनलेले होते आणि युरोपने त्या बॅचना मान्यता दिली नव्हती. बातमीत तीन बॅच नंबर होते. मी कार्ड काढलं आणि तिथेच जिन्यावर बसले. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने इंग्लंडला ५० लाख डोस पाठवले होते, त्यातला एक माझ्या वाट्याला आला होता. मी लेस्टरमध्ये राहते. आई राहते हडपसरला. जानेवारीत सीरमच्या मांजरीतल्या बांधकामाला आग लागून पाच कामगार गेले, तेव्हा तिने गच्चीवरून धूर पाहून मला फोन केला होता. त्या परिसरातली लस अर्धं जग ओलांडून माझ्या दंडात आली, आणि सप्टेंबरमध्ये हेच सरकार सांगू लागलं की तीच लस हडपसरमध्ये घेतलेली माझी आई लस न घेतलेली धरली जाईल.

ओरड झाल्यावर कोविशील्डचं नाव यादीत घातलं. मग म्हणे लस चालेल, पण भारताचं प्रमाणपत्र चालत नाही. कोविनच्या कागदावर वय होतं, पूर्ण जन्मतारीख नव्हती, ती आपल्या लोकांनी लगोलग टाकून दिली. तरी ४ ऑक्टोबरपासून नियम लागू झालाच. आपल्या सरकारनेही इथून जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस घरात बसवायला सुरुवात केली, त्यानंतर तीन दिवसांत यांना सगळं पटलं. आपण तसं केलं ते बरोबर केलं, असंच मला वाटतं.

पण मला हेही लिहायचं आहे, आणि रागाच्या भरात ते राहून जाईल म्हणून आत्ताच लिहिते. ही लस मला ज्या पद्धतीने मिळाली, तशी रांग मी आयुष्यात पाहिलेली नाही.

इथे लस विकत मिळत नव्हती, कोणालाच. हार्ली स्ट्रीटच्या महागड्या डॉक्टरकडे गेलात तरी नाही. सगळी लस एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हातात होती आणि क्रम आधीच ठरलेला होता. आधी वृद्धाश्रमातले रहिवासी आणि त्यांची देखभाल करणारे, मग ८० च्या पुढचे आणि दवाखान्यांत राबणारे, मग ७५, मग ७० आणि ज्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका ते, असं करत नऊ गट, ५० पर्यंत. पहिली सुई ८ डिसेंबर २०२० ला कोव्हेंट्रीत ९० वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना दिली. कोव्हेंट्री आमच्यापासून तासभरही नाही, आणि त्या दिवशी माझ्या ऑफिसात कामं थांबवून सगळे ती बातमी बघत होते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दीड कोटी लोकांना पहिला डोस देऊन झाला होता. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन ५६ वर्षांचे होते. त्यांना लस मिळाली १९ मार्चला. त्यांच्या आधी आमच्या गल्लीतल्या मिसेस पटेल, त्यांचे दीर आणि कोपऱ्यावरच्या घरातला निवृत्त बसचालक यांची होऊन गेली होती. वयाने मोठे, म्हणून आधी. ज्यांच्याकडे इथे राहण्याची कागदपत्रं नाहीत त्यांनाही सांगितलं होतं, डॉक्टरकडे नाव नोंदवा, लस फुकट मिळेल, व्हिसाची चौकशी होणार नाही.

मी ५१ वर्षांची. मला मेसेज आला त्या दिवशी माझ्याच वयाच्या आणखी तिघींना आला. केंद्र म्हणजे एक सामाजिक सभागृह, एरवी तिथे लग्नं होतात. दाराशी पिवळं जाकीट घालून आमच्या गल्लीतला तो बसचालक उभा! स्वतःची लस झाल्यावर तो स्वयंसेवक झाला होता. सूचना इंग्रजी, गुजराती, पंजाबी, उर्दूत लावलेल्या. नाव, जन्मतारीख, ॲलर्जी आहे का, एवढंच विचारलं. सुई देणारी नर्स फिलिपिन्सची होती, तिने माझ्या ब्लाउजची बाही स्वतः सरकवली आणि म्हणाली, पुढच्या वेळी सैल काहीतरी घाल. आत गेल्यापासून सात मिनिटांत मी बाहेर. घरी येऊन मी रडले. का, ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मी कोण आहे, कोणाची कोण लागते, हे कोणीही विचारलं नाही, म्हणून रडले असेन.

एनएचएस म्हणजे देवघर, असं मी म्हणणार नाही. २०२० च्या वसंतात इथे नर्स कचऱ्याच्या पिशव्या अंगाला गुंडाळून काम करत होत्या. इस्पितळातले म्हातारे रुग्ण चाचणी न करता वृद्धाश्रमांत पाठवले, तिथे पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या एका मैत्रिणीचे सासरे त्यात गेले. गुरुवारी रात्री आठला आम्ही एनएचएससाठी दारात उभं राहून टाळ्या वाजवायचो, तेव्हा ती दार उघडायची नाही. रुग्णांचे संपर्क शोधायच्या कामाला नाव एनएचएसचं लावलं, काम दिलं खासगी कंपन्यांना, आणि दोन वर्षांसाठी ३७ अब्ज पौंडांची तरतूद केली. ते पैसे खऱ्या एनएचएसला मिळाले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आज उपचारांच्या प्रतीक्षायादीत ५० लाखांहून जास्त नावं आहेत, त्यात मिसेस पटेलांचा गुडघाही आहे. सकाळी आठला डॉक्टरकडे फोन लावायचा तर बोट दुखेपर्यंत लावावा लागतो. हे सगळं मान्य. तरी लसीच्या रांगेबद्दल कोणी वाकडं बोललं की मी भांडते.

पुण्यातला माझा भाऊ म्हणतो, साडेसहा कोटींचा देश, तुला रांगेचं काय कौतुक. त्याचं खरं आहे. आईला पहिला डोस मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, म्हणजे माझ्या आधी, घराजवळच्या खासगी दवाखान्यात २५० रुपयांत. महापालिकेच्या केंद्रात फुकटही मिळाला असता. आशाताई, म्हणजे आशा योजनेतल्या आरोग्यसेविका, उन्हातान्हात दारोदार फिरत होत्या, त्यांना इथल्या नर्सच्या पगाराचा दशांशही मिळत नसेल. १३० कोटी लोकांना लस टोचणं म्हणजे काय, हे इथल्या कोणालाही कळणार नाही. हे मी ऑफिसात सांगते तेव्हा माझा आवाज चढतो.

आणि तरीही एप्रिल आठवतो. मावशीला बेड मिळत नव्हता. मामेभाऊ फोनची यादी घेऊन हडपसरपासून चिंचवडपर्यंत फिरला. दुसऱ्या रात्री बेड मिळाला तो ओळखीच्या ओळखीने. ओळख नसलेलं कोणीतरी त्या रात्री बाहेरच राहिलं असेल, हे आम्हाला कळत होतं, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी मावशी गेली.

मी गेले नाही. २३ एप्रिलला पहाटे चारपासून भारत ब्रिटनच्या प्रवासबंदीच्या लाल यादीत गेला. परत येणाऱ्याला सरकारी हॉटेलात दहा दिवस काढायचे, १७५० पौंड भरून. पैसे होते. रजा नव्हती, आणि रजा मिळाली असती तरी विमानतळावरून थेट त्या घरात जाऊन मी आईला संसर्ग दिला असता, तर? आईच म्हणाली, अगं येऊ नकोस, तू आलीस तर मला तुझी काळजी करावी लागेल. ती असं म्हणाली म्हणून मी थांबले, हे मी सगळ्यांना सांगते. ती तसं म्हणण्याआधीच मी तिकिटं बघायचं बंद केलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. मावशीने मला आठवी ते दहावी स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं होतं. माझं जाणं शहाणपणाचं ठरलं नसतं, हे मला अजूनही पटतं. ते पुन्हा पुन्हा पटवून घ्यावं लागतं.

त्यामुळेच असेल, आईच्या प्रमाणपत्रावर यांनी बोट ठेवलं तेव्हा मी इतकी पेटले. मला जी रांग इतकी आवडली, तिच्यात माझ्या आईला उभंच करत नव्हते. रांग एनएचएसने लावली आणि हा नियम सरकारच्या दुसऱ्या खात्याने केला, हे मला कळतं. बाहेरून येणाऱ्या आईला त्यातला फरक कसा कळणार?

काल रात्री तिला फोन केला तेव्हा तिथे दोन वाजले होते, तरी जागीच होती. दिवाळीच्या आधी ये म्हटलं. दुसऱ्या दिवशीची चाचणी मी इथून नोंदवते, कोविनवरून जन्मतारखेचं नवं प्रमाणपत्र काढून घे. ते तिने आधीच काढलं होतं, शेजारच्या मुलाकडून, दोन प्रती. मी माझ्या कार्डावरचा नंबर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली थांब, चष्मा घेते. मग प्रमाणपत्र समोर धरून एकेक आकडा वाचायला लागली. चार, एक, दोन.