केनियाला निघालेल्या ब्रदरसाठी: कुकर, इस्त्री आणि घड्याळाचा समोरचा आकडा

वसईतून मिशनवर जाणं नवं नाही. संत गोन्सालो गार्सिया इथलेच. १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन मंडळी जपानला गेली, तेव्हा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर दुभाष्याचं काम त्यांनी केलं, कारण जपानी त्यांना चांगली येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मरण आलं. वसईतल्या गास गावी त्यांच्या सणाला हौतात्म्यावर भरपूर ऐकायला मिळतं, दुभाष्याचा भाग मात्र एका वाक्यात उरकतो. आज सेमिनरीचा, म्हणजे फादर होण्याचा, अभ्यास मध्येच थांबवून दोन-तीन वर्षं परदेशी सेवेला जाणाऱ्या ब्रदरच्या कामाचा खरा तोच भाग आहे. बाकीचा वेळ घरकामात जातो. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून इथं केनियापुरतं लिहितो.

दिवस साधारण असा असतो: साडेपाचला उठणं, ध्यान, सकाळची प्रार्थना, साडेसहा-सातला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मग चहा-पाव. पहिले काही महिने दुपारपर्यंत स्वाहिली, म्हणजे तिथली भाषा, शिकणं. जेवणानंतर शाळा, युवा गट, हिशेबाची वही, पाण्याचा पंप, जे वाट्याला येईल ते. संध्याकाळची प्रार्थना, जेवण, भांडी, रात्रीची प्रार्थना. उपदेश करण्याची वेळ या यादीत फार उशिरा येते.

स्वाहिलीचा उच्चार मराठी माणसाला सोपा जातो, कारण लिहिलंय तसंच वाचायचं. अडतं ते दोन ठिकाणी. एक, नामांचे वर्ग. नाम बदललं की विशेषण आणि क्रियापद दोघांचं तोंड बदलतं, आणि ते पाठ केल्याशिवाय बसत नाही. दुसरं घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. दुपारचे १२ म्हणजे 'साआ सिता', सहावा. गंमत अशी की तोच माणूस इंग्रजीत बोलताना 'टेन' म्हणतो आणि स्वाहिलीत त्याच वेळेला 'न्ने', म्हणजे चार. नवा ब्रदर दुपारी चारला बैठकीला पोचतो आणि लोक सकाळी दहाला येऊन, वाट बघून गेलेले असतात. उपाय साधा: घड्याळात ऐकलेल्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, आणि 'आसुबुही' म्हणजे सकाळी की 'जिओनी' म्हणजे संध्याकाळी, ते विचारून घ्यायचं.

दारात गेल्यावर 'होदी' म्हणून हाक द्यायची आणि आतून 'करीबू' आल्यावरच पाऊल टाकायचं. मग हात मिळवणं, घरच्यांची चौकशी, आणि कामाचं त्यानंतर. आपण मुंबईच्या लोकलवर वाढलेली माणसं, थेट मुद्द्याला हात घालतो. तिथं तो उद्धटपणा ठरतो.

एका धर्मग्रामाला (पॅरिशला) अनेक उपकेंद्रं असतात आणि फादर प्रत्येक ठिकाणी दर रविवारी पोचत नाहीत. एरवी तिथली उपासना गावचा कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, चालवतो. फादर जाणार असतील त्या दिवसाची पेटी भरणं हे ब्रदरचं काम: प्याला, तबक, कापडं, द्राक्षारस, पाणी, कम्युनियनच्या (मिस्सेत वाटायच्या) चकत्या, स्वाहिली वाचनांचं पुस्तक, मेणबत्त्या, काडेपेटी. चकत्या कॅटेकिस्टनं सांगितलेल्या संख्येपेक्षा पाव पट जास्त घ्याव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पावसाळी हवेत त्या चिवट होतात. विसरते ती नेहमी काडेपेटी. द्राक्षारसाच्या बाटलीचं बूच सैल असलं तर लाल मातीच्या खड्ड्यांतून बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, जाताना कापडं रंगतात. मिस्सा गाण्या-नाचासकट दोन तास चालते आणि अर्पणात कोंबडी, केळी, मका येतात. घड्याळाकडे बघू नये.

आता स्वयंपाक. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. तिथं पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास कडक राहते, आणि समुद्रकाठच्या पोराला वाटतं डाळच जुनी आहे. तीन लिटरचा कुकर घेऊन जा, सोबत दोन जादा रबर आणि एक सेफ्टी वॉल्व्ह. पुस्तकांपेक्षा याला सामानात आधी जागा द्या.

भात मिळतो, पण रोजचं जेवण उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परतलेली पालेभाजी. चौघांना चार कप पाणी आणि अंदाजे अडीच कप पीठ. पाणी खळखळलं की आधी मूठभर पीठ टाकून पेजेसारखं करा, मग उरलेलं थोडं थोडं. लाकडी उलथन्यानं गोळा भांड्याच्या कडेला दाबत फिरवायचा, दहा मिनिटं तरी. सगळं पीठ एकदम ओतलं की आत कोरड्या गुठळ्या राहतात; घाईनं उतरवलं तर कच्च्या पिठाचा वास येतो आणि रात्री पोट धरून बसावं लागतं. तांदळाची उकड काढता येत असेल तर हात लवकर बसेल.

घरून बाटली मसाला जरूर न्या, पण काचेच्या बाटलीऐवजी स्टीलच्या डब्यात, झाकणाला टेप लावून. सुके बोंबील आणि सुकेळी (सुकवलेली केळी) आईनं कितीही प्रेमानं बांधली तरी ठेवून जा. मासळी आणि शेतमालाचा परवाना विमानतळावर मागितला तर दाखवायला काही नसतं. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या! केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. बॅगेतलं प्रत्येक पुडकं कापडी पिशवीत बांधा. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण सॉकेट तीन चपट्या पिनांचं, तेव्हा अडॅप्टर लागेल. स्वेटरही लागेल: जून ते ऑगस्ट, वसईत पाऊस कोसळत असताना, तिथल्या उंच भागात थंडी असते.

कपड्यांचं मात्र नीट वाचा. आपल्याकडे कुंपणावर, गवतावर कपडे टाकायची सवय असते. पूर्व आफ्रिकेत मँगो फ्लाय नावाची माशी ओलसर कापडावर अंडी घालते. एक ते तीन दिवसांत अळी बाहेर पडते आणि कापड अंगाला लागलं की कातडीत शिरते. मग गळवासारखी गाठ, मध्ये बारीक छिद्र. गाठ पिळू नये, अळी आत फुटली तर पिकते. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर दिला की श्वासासाठी ती वर येते. तरी काढायचं काम दवाखान्यात करून घेतलेलं बरं. टाळण्याचा मार्ग इस्त्री: कडक गरम, दोन्ही बाजूंनी, नाडी, शिवण आणि इलास्टिकवर जास्त वेळ. टॉवेल, चादर आणि आतले कपडेसुद्धा. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री.

मलेरिया आपल्याला माहीत आहे, या भ्रमात राहू नका. तिथला बहुतेक फाल्सिपेरम या प्रकारचा असतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आणि समुद्रकिनाऱ्यावर धोका जास्त. ताप आला त्याच दिवशी रक्ततपासणी. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. ती साधारण वीस धुण्यांपर्यंत काम देते, म्हणून उगाच दर आठवड्याला धुऊ नये आणि उन्हात वाळवू नये.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच मिळते. दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो आणि जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हा दाखला परतताना जास्त महत्त्वाचा: केनियातून येणाऱ्याकडे तो नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. पासपोर्टलाच जोडून ठेवा.

घरच्यांसाठी एवढंच: केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. तिथं रात्रीचं जेवण-भांडी आटपून साडेआठला फोन केला तर वसईत अकरा वाजलेले असतात आणि आई दचकून उठते. रविवारी तिथले दुपारचे तीन, इथले साडेपाच, ही वेळ दोघांना जमते. आणि ब्रदर सुट्टीवर आल्यावर, अगदी दोन-तीन महिन्यांनीही, ताप चढला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मुलगा केनियातून आलाय.