भिंतीपलीकडचं नेट

सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर माझं जीएसटीचं ऑफिस आणि भिंतीला लागून अण्णांचा फोटो स्टुडिओ. इंटरनेट दोघांत एकच. लाइन माझ्या नावावर. राउटरमधून निघालेली निळी वायर खिडकीच्या फटीतून पॅसेजमध्ये जाते, ट्यूबलाइटच्या पट्टीला लोंबकळते आणि अण्णांच्या दारावरून आत शिरते. तिकडच्या प्लगचा खटका मोडलाय. तो निसटू नये म्हणून लग्नपत्रिकेच्या कागदाची घडी खोचलेली असते. पत्रिका सीझनप्रमाणे बदलते.

पहिली कुरबूर बिलावरून झाली. १००० रुपये भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११८०. मी निम्मे म्हणून ५९० मागितले. अण्णा म्हणाले, "काय ओ साहेब, ते १८० तुम्हाला क्रेडिटमध्ये सुटतात की! मग मी वरचे ९० कशाचे द्यायचे?" धंद्याच्या खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करायची ही विद्या मीच त्यांना शिकवलेली, कॅमेऱ्याच्या बिलावर. आता बिल माझ्या जीएसटी नंबरावर, म्हणून क्रेडिट त्यांना नाही; आणि निम्मी लाइन त्यांच्या धंद्याला, म्हणून मलाही ते पुरतं घेता येत नाही. त्यांच्या वाट्याचे ९० असे पॅसेजमध्येच लोंबकळत राहिले. शेवटी मी माझ्यापुरते ९० क्रेडिटला धरायचे आणि अण्णांनी ५९० द्यायचे, असं ठरलं. ते ६०० देतात आणि "राहू द्या" म्हणतात. त्या दहा रुपयांचं ओझं मी महिनाभर वागवतो.

मग एका दुपारी माझ्या प्रिंटरमधून, एका हळद व्यापाऱ्याच्या रिटर्नच्या दोन पानांमध्ये, कृष्णेच्या घाटावर एकमेकांच्या डोळ्यांत बघणारं जोडपं बाहेर आलं. ब्लॅक अँड व्हाइट. नेटवर्क एक म्हटल्यावर अण्णांच्या पोराला माझा प्रिंटरही दिसत होता. म्हणजे माझ्या पक्षकारांच्या फायलीही फार लांब नव्हत्या. त्या संध्याकाळी मी नेटवाल्याला बोलावून स्टुडिओचं नेटवर्क वेगळं करून घेतलं. व्यापाऱ्याला मात्र तो फोटो आवडला होता.

खरी कसोटी २० तारखेला. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, पोर्टल आधीच रडतंय, ओटीपी आलाय आणि पान फिरतंय, नुसतं फिरतंय. पलीकडे अण्णांनी लग्नाचा दीडशे जीबी व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावलेला. शंभर एमबीपीएसची अख्खी लाइन दिली तरी ते साडेतीन तासांचं काम. आणि चढवायची वाट तुंबली की उतरवायचीही मंदावते, कारण आलेल्या मालाची पोचसुद्धा त्याच वाटेनं परत जायची असते. राउटरमध्ये अपलोडला लगाम घालता येतो. मी घातलाही होता, पण मग मुलीकडच्यांचे फोन माझ्याच मोबाईलवर यायला लागले. अण्णांनी नंबर देऊन टाकला होता.

आता ठोक्यांवर चालतं. मी भिंतीवर तीन ठोके दिले की ते अपलोड थांबवतात. त्यांनी दोन दिले की माझा पोरगा बॅकअप बंद करतो.

परवा भिंतीवर चार ठोके पडले. चारचं काही ठरलं नव्हतं. वायर निसटली की काय म्हणून मी घाईनं गेलो, तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून अण्णा भडंगात कांदा कालवत होते.

"बसा की," म्हणाले, "नेट चालू आहे."