हडसनकाठच्या दोन बागा: आधी ओहोटीची वेळ बघा

मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर लिटल आयलंड (२०२१) आणि गॅन्सव्हूर्ट पेनिन्सुला (२०२३) या दोन नव्या बागा शेजारी शेजारी आहेत. दोन्हीकडे प्रवेश फुकट. आम्ही दिवस आखला तो ओहोटीच्या वेळेवरून, आणि तसाच आखावा. हडसन इथे नदी असली तरी वागते खाडीसारखी. पूर्ण भरतीनंतर सहा तासांहून थोडा जास्त वेळ गेला की पूर्ण ओहोटी होते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी इथल्या भरती-ओहोटी केंद्राचं वेळापत्रक पाहायचं आणि बागांपाशी त्याहून थोडा उशीर धरायचा.

सबवेच्या ए, सी, ई किंवा एल गाडीने १४व्या रस्त्यावर, आठव्या अॅव्हेन्यूच्या स्टेशनवर उतरायचं आणि सरळ पश्चिमेला चालत सुटायचं. शेवटी हमरस्ता सिग्नलला ओलांडला की लगेच सायकलींचा मार्ग लागतो. नदी दिसली म्हणून लोक तिथेच फोटोला थांबतात आणि सायकली भरधाव येत असतात. आधी पलीकडे जा, मग कॅमेरा काढा.

ओहोटीच्या वेळी गॅन्सव्हूर्टलाच असावं. इथे खाजण मुद्दाम तयार केलंय. पाणी उतरलं की गवताच्या बुंध्याशी काळा, चकचकीत चिखल उघडा पडतो आणि दगडांवर भरतीची रेघ ओली दिसते. हे गवत खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पात्यांवर पांढरे कण दिसतात. त्याची मुळं गाळ धरून ठेवतात, म्हणून लाटांनी काठ खचत नाही. भरतीला आलात तर नुसते गवताचे शेंडे दिसतील. शेवाळलेल्या दगडांवर पाय देऊ नका, हमखास घसरतो.

दक्षिणेला वाळूचा किनारा आहे, पण पोहायला बंदी. या शहरात बऱ्याच भागांत पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच. जोराचा पाऊस झाला की ते तुंबून थेट नदीत उतरतं. बाजूलाच पाण्यावर पोलादी नळ्यांचा एक सांगाडा उभा आहे, कलाकार डेव्हिड हॅमन्स यांचा. जुन्या ५२ नंबरच्या धक्क्यावरच्या शेडची ती रेषाकृती.

लिटल आयलंड १३२ काँक्रीटच्या कुंड्यांवर उभं आहे. कुंड्यांची उंची कमी-जास्त आहे, त्यामुळे खालच्या पाण्यापर्यंत ऊन पोचतं. कुंड्यांचा फोटो काठावरून सकाळीच घ्या, ऊन पाठीशी असतं. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. दक्षिणेकडच्या पुलापाशी ५४ नंबरच्या धक्क्याची जुनी लोखंडी कमान उरली आहे. टायटॅनिकमधून वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया १८ एप्रिल १९१२ला याच धक्क्याला लागली. इथे मात्र घाई करू नका.

सगळ्यात उंच टोक नैर्ऋत्येला. वारा तिथे अडत नाही, म्हणून उन्हाळ्यातही अंगात जाकीट हवं आणि टोपी हातात धरलेली बरी.