आमची वाटचाल: सहा टाइपरायटर ते एक वही

१९८६ साली अण्णांनी नाशकात शालीमारजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट काढली. मशीन सहा. सकाळ-संध्याकाळ इंग्रजी-मराठीच्या बॅचेस, दुपारी अर्ज आणि बायोडाटा. गिऱ्हाईक आलं की अण्णा विचारत, “मजकूर आणलाय?” मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावीचे टक्के, छंद वाचन, आणि तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’. नोकरीच्या आणि लग्नाच्या बायोडाटात फरक तो रास-नाडीचा.

गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, तोवर आमच्याकडे कॉम्प्युटर आले होते. मी रंगीत रेझ्युमे करून द्यायला लागलो. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, प्रत्येक स्किलपुढे पाचपैकी चार तारे. तीनशे रुपये. लोक खूश, मीही खूश. ते नमुने आता समोर आले की कसंनुसं होतं.

एका मुलीने तो रेझ्युमे चार महिने ठिकठिकाणी अपलोड केला. एकही फोन नाही. शेवटी एका पोर्टलने तिचा फॉर्म आपोआप भरून दाखवला, तेव्हा फोन नंबरचा रकाना कोरा आणि दोन नोकऱ्यांच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या. नंबर मी पानाच्या हेडरमध्ये टाकला होता आणि अनुभव टेबलात. अर्ज वाचणारी सॉफ्टवेअरं हेडरमधलं बरेचदा उचलत नाहीत, शेजारशेजारचे दोन रकाने सरळ एका ओळीत वाचून टाकतात. पैसे परत केले. चार महिने कुठून देणार?

मग पट्टे गेले, तारे गेले. साधं पान राहिलं, आणि साध्या पानावर लिहिण्यासारखं काही नाही हे लगेच दिसायला लागलं. तिथून आमची वही सुरू झाली.

अंबडच्या कारखान्यांकडचा एक सीएनसी ऑपरेटर आला होता, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन चालवणारा. जुन्या रेझ्युमेत एकच ओळ, ‘मशीन चालवतो, सहा वर्षं’.

“सेटिंग कोण करतं?”

“मीच.”

“कंट्रोल कोणता?”

“फानुक. प्रोग्रॅममध्ये थोडंफार एडिटिंगपण करतो, साहेब नसले की.”

“टॉलरन्स? मापात किती फरक चालतो?”

“वीस मायक्रॉन. ते काय, रोजचंच आहे.”

रोजचंच आहे म्हणून तो सांगत नव्हता आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं. पाऊण तासात वहीची दोन पानं भरली. ऑपरेटरचा रेझ्युमे घेऊन आलेला माणूस सेटर म्हणून, म्हणजे मशीन लावून देणारा म्हणून, अर्ज करायला गेला.

दर विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो, आधी चार ठिकाणी फिरून या. लिहिणारा माणूस स्वतः किती वेळ बोलणार, ते विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना रेझ्युमे मागवून तासाभरात नवा पाठवणारा अण्णांचंच काम करतोय, फक्त दहापट दराने. अण्णांच्या टायपिंगमध्ये चुका तरी नसत. वर्डची फाइल हातात मिळणार का, हेही विचारून घ्या, नाहीतर नंबर बदलला तरी पुन्हा त्याच्याच दारात. आणि नोकरीची हमी देणारा भेटला तर चहासुद्धा न घेता उठा.

‘गॅप तेवढी झाका’ म्हणणारे आठवड्याला एक-दोन येतातच. आम्ही झाकत नाही. सोवळं म्हणून नाही. पीएफच्या नोंदीत कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं तारखेनिशी असतं आणि कंपन्या ते बघतात. गॅपमध्ये आईचं आजारपण काढलं असेल तर एका ओळीत तसंच लिहितो.

अण्णा अजून दुपारी येऊन बसतात. ‘वरील माहिती खरी आहे’ काढल्यापासून माझ्यावर नाराज आहेत.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या, बँकेतली नोकरी सोडून नऊ वर्षं झालेल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, “तुम्ही केलेले दोन-चार दाखवा.” दुसऱ्यांचे दाखवत नाही म्हटलं. “मग तुमचा स्वतःचा?” मी जन्मात कुठे अर्ज केलेला नाही. अण्णा कोपऱ्यातून हसले. मी वही उघडून विचारलं, “बँकेत कुठल्या काउंटरला होतात?” त्यांनी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली.